माघारी आलं की बसायचं

आमच्या घरात ‘परत’ हा शब्द शाळेच्या पुस्तकाबरोबर आला. त्याआधी सगळं माघारीच होतं. गुरं माघारी यायची. दुकानातून आणलेलं लुगडं आईला पसंत पडलं नाही की ते माघारी जायचं. ढग दाटून आले आणि तसेच पुढं सरकले की अण्णा, म्हणजे माझे वडील, आभाळाकडं बघून म्हणायचे, “फिरला माघारी.” वाटेत काही पडलं-हरवलं तर आल्या पावली माघारी जायचं, डोळे जमिनीवर ठेवायचे, सापडतं. निवडणुकीतले अर्ज माघारी घ्यायचा दिवस तर आमच्या वळसंगात सणासारखा असायचा. कोण कोणासाठी मागं सरलं यावर पुढं कोण कोणाच्या घरचा चहा पिणार ते ठरायचं. सासरहून आलेली लेक ती माघारीण, तिच्यासाठी पुरण शिजायचं. आणि सासरच्यांनी कायमची पाठवून दिलेली पोरगीसुद्धा ‘माघारी आली’ असंच म्हणायचे, फक्त ते सांगताना बायकांचा आवाज खाली यायचा. मी शिकायला सोलापूरला गेले आणि वसतिगृहातल्या मुलीला म्हटलं, “वही माघारी दे की,” तेव्हा ती इतकी हसली की महिनाभर मी तो शब्द गिळला. मग म्हटलं, हसू दे. माझ्या आईचा शब्द आहे, हिच्या बापाचं काय जातंय!

आईचा शब्द म्हणण्याला कारण आहे. तिनं या शब्दाला एक कायदा जोडला होता आणि तो घरात सरकारी कायद्यापेक्षा कडक चालायचा. आई वैरागची. लग्न होऊन वळसंगला आली ती येताना हा कायदा घेऊनच आली असणार. निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही, कुठं चाललास विचारायचं नाही, हे सगळ्याच घरांत असतं. आईचं त्याच्या पुढचं होतं. उंबरा ओलांडून गेलेलं माणूस काही विसरलं म्हणून माघारी आलं, तर वस्तू उचलून तसंच पळायचं नाही. आत यायचं, बसायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि मग नव्यानं निघायचं. दाराच्या आत, भिंतीला लागून, एक लोखंडी घडीची खुर्ची त्यासाठी कायम उघडून ठेवलेली असायची. तिच्यावर एरवी कोणी बसलं तर आई काही म्हणायची नाही, पण तिची घडी मात्र घालू द्यायची नाही.

त्या खुर्चीवर सगळ्यांत जास्त बसले ते अण्णा. गावच्या शाळेत ते शिपाई होते. शाळेच्या सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या त्यांना तोंडपाठ आणि स्वतःचा चष्मा कुठं आहे ते ठाऊक नाही, असा माणूस. एकदा लग्नाला निघाले, वडापची जीप धरायला फाट्यापर्यंत गेले आणि आहेराचं पातळ घरीच. ते दारात दिसले की आईच्या हातात पितळी तांब्या तयार असायचा.

“बसा.”

“अगं, वडाप भरलंय. सुटंल.”

“सुटू द्या. दुसरं येतंय.”

मग अण्णा खांद्यावरची पिशवी न काढता खुर्चीच्या कडेला टेकायचे आणि औषध घेतल्यासारखं पाणी घ्यायचे. आई समोर उभी राहून त्यांच्या गळ्याकडं बघायची. घोट खाली उतरलेला दिसला की तिचा चेहरा सैल व्हायचा. जाताना अण्णा मुद्दाम कानडीत म्हणायचे, “होगि बरतीनि.” जाऊन येतो. अक्कलकोट रस्त्यावरची आमची गावं, निम्मा बाजार कानडीत चालतो, पण आईला एवढ्या वर्षांत ती भाषा काही वळली नव्हती. तेवढं एक वाक्य मात्र तिला कळायचं आणि आवडायचंही.

मी अकरावीला विज्ञान घेतलं आणि घरातल्या अंधश्रद्धा निपटून काढायच्या मागं लागले. पहिली पाळी या कायद्याची.

“त्या पाण्यात असं काय असतं गं?”

“पाण्यात काय न्हाय. बसण्यात हाय,” आई म्हणाली. “निघाल्यालं मन म्होरं गेल्यालं असतंय, आन अंग माघारी आल्यालं. दोनीची गाठ पडंस्तोवर टेकायचं.”

“याला काही आधार आहे का?”

“नसू दे. तू पी.”

मी प्याले. आईशी वाद घालून जिंकलेला माणूस आमच्या खानदानात झाला नाही.

पुढं माझं लग्न झालं. मी शहरातल्या जुळे सोलापूर भागात राहायला आले, तिथल्याच एका शाळेत विज्ञान शिकवू लागले. मी एकुलती एक. गाडीवर बसलं की तासाभरात वळसंग, त्यामुळं माहेर लांब गेलं असं कधी वाटलं नाही. दर दुसऱ्या रविवारी मी माघारीण व्हायचे, आणि मधूनच अण्णा काहीतरी घेऊन इकडं यायचे.

असेच ते यायला निघाले होते. ती सकाळ मी पाहिलेली नाही, पण आईनं ती इतक्यांदा सांगितली की आता मला ती माझ्या डोळ्यांनी पाहिल्यासारखीच दिसते. माझ्या मुलीसाठी भाजलेल्या शेंगा पिशवीत घालून अण्णा निघाले. वडापची जीप कोपऱ्यावर उभी राहून भोंगा वाजवत होती. फाटकाबाहेर पडून ते चार पावलं गेले आणि माघारी आले. “फोन राह्यला गं,” असं फाटकातूनच ओरडले. आईची भाकरी तव्यावर होती, दोन्ही हात पिठाचे. तिनं खिडकीत चार्जिंगला लावलेला फोन तसाच उपसला, पळत गेली आणि फाटकावरून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो सदऱ्याला पुसला, “होगि बरतीनि” म्हणाले आणि गेले. आई आत आली तोवर भाकरी करपली होती.

वाटेत कुंभारी गावाजवळ त्यांनी शेजारच्या माणसाच्या खांद्यावर डोकं टेकलं. त्याला वाटलं, झोप लागली. मग त्यानं आरडाओरडा केला. जीपवाला भला माणूस, त्यानं सगळ्या प्रवाशांसकट गाडी थेट दवाखान्यात घातली. पण तिथं करण्यासारखं काही उरलं नव्हतं. हृदय आधीच थकलेलं होतं, डॉक्टर म्हणाले, हे घरात बसले असते तरी झालं असतं.

त्यांच्या वस्तू माझ्या हातात दिल्या तेव्हा त्यात तो फोन होता. जुना, बटणांचा. बटणांच्या फटीत ज्वारीचं पीठ वाळून बसलं होतं. मी तो घेऊन वळसंगला गेले. मला वाटलं होतं आई हंबरडा फोडेल. तिनं फोन बघितला, त्या पिठावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, “मी त्येंना बसवलं न्हाय गं.”

त्यानंतर तिनं खूप दिवस तेवढंच म्हटलं. समाचाराला आलेल्या प्रत्येक बाईला सांगितलं, ज्याच्या लक्षात आलं नाही त्याला पुन्हा सांगितलं. गावातलं कोणी ‘असं काय नसतं’ म्हणालं नाही. ते गप्प बसायचे, आणि त्या गप्प बसण्याचा मला आईच्या बोलण्यापेक्षा जास्त राग यायचा. एकदा मी दवाखान्याचे कागद घेऊन बसले. हृदयाचं चित्र काढून दाखवलं, मुलांना दाखवते तसं. रक्त कुठून येतं, कुठं अडलं होतं. आईनं सगळं नीट ऐकून घेतलं.

“तुजा डाक्टर खोटं बोलत न्हाय,” ती म्हणाली. “पन मी पानी दिलं न्हाय, ह्ये बी खरंच हाय की.”

मी तिच्यावर ओरडले. मग गाडी काढली आणि रस्ताभर रडत घरी आले. हेल्मेटच्या आत रडणं सोयीचं असतं, कोणाला दिसत नाही.

आई आक्रसत चालली. लोखंडी खुर्ची तिनं ओढत फाटकापाशी नेली आणि दिवसभर तिच्याशेजारी खाली बसून राहायची. खुर्चीवर नाही, शेजारी. जुळे सोलापूरला चल म्हटलं की “मी हितनं हलणार न्हाय” एवढंच म्हणायची. शेजारच्या अक्का, ज्यांनी मला अंगाखांद्यावर खेळवलं त्या, मला कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या, “तुझी आई चहावर जगते बघ. पाणी सुद्धा मी हातात दिलं तरच पिते. असं केली तर दिवाळी बघत नाही ती.” अक्कांचं मराठी कानडी वळणाचं, पण त्या फुकट घाबरवणाऱ्यातल्या नव्हेत. आई माझ्या डोळ्यांदेखत चालली होती आणि ती एका तांब्याभर पाण्यासाठी चालली होती. मला शाळेत शिकवताना मध्येच शब्द सुचेनासे व्हायचे.

मग एका रविवारी मी तिचा निरोप घेऊन निघाले आणि फाट्यापाशी लक्षात आलं, घराच्या किल्ल्या वळसंगलाच राहिल्या. खरोखरच राहिल्या होत्या, त्यात काही बनाव नव्हता. मी स्वतःला शिव्या घालत गाडी वळवली. फाटकापाशी आई तशीच बसलेली. “किल्ल्या गं,” म्हणत मी आत घुसले, खिडकीतल्या किल्ल्या उचलल्या आणि वळले, तर दारात आई उभी. किती दिवसांत ती एवढ्या झटक्यानं उठली नव्हती. हातात तांब्या. खुर्ची फाटकापासून आत आलेली.

“बस,” ती म्हणाली.

मी बसले. ती माझ्या गळ्याकडं बघत होती. मी दोन घोट घेतले, तिनं मान हलवली, मी आणखी दोन घेतले. तिनं तांब्या काढून घेतला आणि म्हणाली, “शेंगाची चटणी केलीया अक्कांनी. दोन घास खाऊन जा. मी बी खाते.” आम्ही दोघी जेवलो. तिनं अख्खी भाकरी खाल्ली.

परतीच्या वाटेवर माझं ठरलं. विज्ञानाची बाई असून ठरलं. त्यानंतर मी जेव्हा जेव्हा वळसंगला गेले, तेव्हा काहीतरी विसरून निघाले. कधी रुमाल, कधी चार्जर, कधी तपासायला नेलेल्या पेपरांचा गठ्ठा. फाट्यापर्यंत जायचं, टपरीच्या सावलीत गाडी लावून थोडं थांबायचं आणि माघारी वळायचं. चेहऱ्यावर वैताग आणायचा. बसायचं. प्यायचं. माझा नवरा म्हणायचा, “आईंकडं जाताना जरा जादा सामान ने, विसरायला कमी पडेल.” त्यानं चेष्टा केली तरी शनिवारी गाडीत पेट्रोल तोच भरून ठेवायचा.

आईत हळूहळू जीव आला. खुर्ची आत राहिली. फाटकाच्या कडेला तिनं मेथी टाकली. अक्कांशी भांडली, ही फार चांगली खूण. अण्णांचं बोलणं काढलं की आता त्यांच्या विसराळूपणाच्या गोष्टी सांगायची. त्या सकाळची गोष्ट सांगणं थांबलं नाही, पण तिच्या आगेमागे दुसऱ्याही गोष्टी येऊ लागल्या.

एकदा मात्र माझी अक्कल गहाण पडली. विसरायला काही सुचलं नाही म्हणून मी घरून निघताना कपाटातून हाताला लागलं ते उचललं होतं. माघारी येऊन खुर्चीत बसले, पाणी प्याले, आणि आईनं ती वस्तू माझ्या मांडीवर ठेवली.

“ह्यो घे. थंडी वाजंल.”

लोकरीचा स्वेटर होता. सोलापूरचा मे महिना, बाहेर डांबर वितळत होतं.

मी मान वर केली नाही. आई खळखळून हसली. अण्णा गेल्यापासून मी तो आवाज ऐकलाच नव्हता.

“मला कळत न्हाय व्हय?” ती म्हणाली. “रुमालाच्या टायमालाच कळलं हुतं. माजी लेक तू, तुज्या बापावानी इसरभोळी न्हाईस.”

“मग बोलली का नाहीस?”

“कशाला बोलू? तू येतीस, बसतीस.” तिनं स्वेटरची घडी नीट केली. “इसरत जा तू. मी हाय तवर इसर.”

त्यानंतर आमचं ते उघड गुपित झालं. फोनवर ती विचारायची, “ह्या ऐतवारी काय इसरणार हायस?” आणि मी म्हणायचे, “बघू, काय चांगलं असेल ते.” तरीही खुर्चीत बसले की ती हसायची नाही. घोट खाली उतरेपर्यंत गळ्याकडं बघत उभी राहायची.

त्या शेवटच्या रविवारी घरी पाहुणे यायचे होते. संध्याकाळी दीर-जाऊ उतरणार, सामान आणायचं, स्वयंपाक पडलेला. मी आईला आधीच सांगितलं होतं, आज माझं नाटक नाही, आज सरळ जाणार. “जा की,” ती म्हणाली, “काम पयलं.” माझा धुतलेला डबा तिनंच पुसून पिशवीत भरला. फाटकापर्यंत आली. मी “येते” म्हटलं आणि निघाले.

फाटा ओलांडला असेल, फोन वाजला. गाडी कडेला घेतली.

“कुटवर गेलीस?”

“पंपापाशी आले.”

“काय इसरलं न्हाय न्हवं?”

“नाही गं. आज सगळं घेतलंय.”

“पिशवी बघ की एकदा.”

“आई, बघितली. उशीर होतोय.”

मागं कोंबडं आरवत होतं. “बरं,” ती म्हणाली. “सावकाश जा. ये मग.”

घरी आल्यावर मी पिशवी मोकळी केली तर डब्याला झाकण नव्हतं. मला वाटलं, तिच्या मोरीत राहिलं असणार, पुढच्या खेपेला आणू. डबा घासायला टाकला आणि कणीक मळायला घेतली.

सोमवारी सकाळी शाळेत अक्कांचा फोन आला. आई उठली नाही. मेथीला पाणी घालायची वेळ झाली तरी दार उघडलं नाही म्हणून अक्का आत गेल्या, तर ती अंथरुणात शांत होती. झोपेतच गेली होती.

चुलतभावानं पुढं होऊन सगळं केलं. तिला नेताना माणसं जमली, वैरागहून मामा आला. मी फाटकापर्यंत गेले. मामा मला म्हणाला, “तू आत जा बाळ. माघारी बघायचं नस्तंय आता.” मला म्हणायचं होतं की या घरात माघारी आल्याशिवाय कोणी कधी गेलेलंच नाही.

मी आत आले. माणसं गेल्यावर बायकांनी घर सारवल्यासारखं पुसायला घेतलं. ज्या घरातून माणूस गेलं त्या घरातलं भरलेलं पाणी ठेवत नाहीत. चुलतीनं माठ अंगणात उपडा केला, कळशी ओतली, बादली ओतली. मी मोरीच्या दारात नुसती उभी होते.

अक्का पुढच्या खोलीतून तांब्या घेऊन आल्या. आईचा पितळी तांब्या. “हा खुर्चीखाली होता,” त्या म्हणाल्या. “भरलेला आहे बघ. आणि हे झाकण कुणाचं? ह्याच्यावर नीट बसत सुद्धा नाही.”

स्टीलचं झाकण होतं. वर नेलपॉलिशचा लाल ठिपका. शाळेत शिक्षकांचे डबे एकमेकांत मिसळतात म्हणून माझ्या मुलीनं तो लावून दिला होता.

तिनं ते काढून ठेवलं होतं. मी विसरणार नाही म्हटल्यावर माझ्या बदली तिनं विसरून घेतलं होतं. तांब्या भरला, माझंच झाकण त्यावर ठेवलं, खुर्चीखाली सरकवला, फोन करून पिशवी बघ म्हणाली आणि वाट बघितली. बरं म्हणाली, पण तांब्या उचलून ओतला नाही.

अक्कांनी तांब्या अंगणाकडं कलता केला.

“थांबा,” मी म्हटलं आणि तो त्यांच्या हातातून घेतला.

“पोरी, ते पानी प्यायचं न्हाय,” चुलती म्हणाली. “सुतकाचं हाय.”

मला ठाऊक होतं. मी पुढच्या खोलीत गेले आणि त्या लोखंडी खुर्चीवर बसले. अण्णा बसायचे तशी कडेला टेकून नाही, पिशवी-पदर सगळं बाजूला करून, नीट मागं रेलून बसले. पाणी शिळं होतं, त्याला पितळेचा वास येत होता. समोर उभं राहून बघायला कोणी नव्हतं. तरी मी मान वर धरली आणि प्रत्येक घोट तिला दिसेल असा गिळला.